पडद्याच्या कडेला उभ्या असलेल्या बायका

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या आहेत. एक, वीस मिनिटांच्या वर बोलायचं नाही. दोन, शाळेच्या आठवणी सांगायच्या नाहीत, कारण त्या कालपासून सगळेच सांगतायत आणि जेवणानंतर पुन्हा सांगणार आहेत. दुसरी अट मी एका ठिकाणी मोडणार आहे, तेवढी माफी असावी. पहिली पाळायचा प्रयत्न करते. नाही पाळली तर पूर्वीसारखी घंटा वाजवा.

माझा विषय आहे, अमेरिकेतल्या जुन्या चित्रपटांमधल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री. काल चहाच्या वेळी हा विषय कळल्यावर एकाने विचारलं, "तुला दुसरं काही मिळालं नाही का? आपल्याकडच्या नट्या संपल्या?" संपल्या नाहीत. पण निवृत्तीनंतर गेली सहा-सात वर्षं मी हे जुने चित्रपट एकेक करून पाहते आहे, आणि ज्यांच्यासाठी पाहते त्या बायका बहुधा पडद्याच्या कडेला उभ्या असतात. हातात ट्रे असतो, डोक्याला फडकं बांधलेलं असतं, दोन वाक्यं बोलून त्या निघून जातात. त्यांच्याविषयी कुणालातरी सांगावं असं फार दिवस मनात होतं. आयती ऐकणारी माणसं मिळाली.

सुरुवात १९१५ सालापासून करते. त्या वर्षी डी. डब्ल्यू. ग्रिफिथ या दिग्दर्शकाचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' प्रदर्शित झाला. तीन तासांचा, त्या काळी थक्क करून सोडणारा चित्रपट. कॅमेरा कसा हलवावा, लढाई कशी दाखवावी, हे त्यातून पुढची पिढी शिकली. आणि सांगितलं काय होतं त्यात? गुलामगिरी संपल्यावर काळी माणसं माजली आणि कू क्लक्स क्लान या टोळीने येऊन गोऱ्यांना वाचवलं! महत्त्वाच्या काळ्या भूमिका गोऱ्या नटांनी चेहऱ्याला काळं फासून केल्या होत्या. काळ्यांची बाजू मांडणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने शहराशहरांतून निदर्शनं केली, बंदीची मागणी केली. चित्रपट तुफान चालला.

या चित्रपटात एक खरीखुरी कृष्णवर्णीय बाई होती. तिचं पडद्यावरचं नाव मॅडम सूल-ते-वान, मूळचं नाव नेली. जन्म १८७३ चा, केंटकीतल्या लुईव्हिलचा. योगायोग बघा, त्याच वर्षी जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली आणि ती त्यांनी अर्पण केली होती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना. इकडे पुण्यात तिकडच्या मुक्तीचं कौतुक चाललं होतं, तेव्हा तिकडे ही मुलगी नुकती जन्मली होती. तिची आई नाटकातल्या नट्यांचे कपडे धुवायची. धुतलेले कपडे पोचवायला मुलगी नाट्यगृहाच्या मागच्या दाराने जायची आणि विंगेतून नाटक बघायची. नाट्यशिक्षण काय ते एवढंच.

पुढे तीन मुलं, नवरा सोडून गेलेला, आणि कॅलिफोर्नियात घरात खायला नाही अशी अवस्था. ती सरळ ग्रिफिथकडे गेली आणि काम मागितलं. रोजचे तीन डॉलर मिळाले, ते लवकरच पाच झाले. चित्रपटासाठी करार मिळालेली पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री म्हणून तिची नोंद होते. चित्रपट लागल्यावर तिला कामावरून काढलं गेलं तेव्हा ती रडत घरी बसली नाही. तिने वकील केला आणि काम परत मिळवलं.

आता तिला काय म्हणायचं? आपल्याच लोकांची बदनामी करणाऱ्या चित्रपटात काम केलं म्हणून नावं ठेवायची, की तीन मुलांच्या तोंडात घास घातला म्हणून गप्प बसायचं? हा प्रश्न आज मी जिच्या-जिच्याविषयी बोलणार आहे त्या प्रत्येकीला लोकांनी विचारला आहे, आणि तोही तोंडावर.

एवढं मात्र सांगते, ही बाई टिकली. कधी गुलाम, कधी मोलकरीण, कधी जंगलातली चेटकीण, मिळेल ते करत राहिली. १९५४ च्या 'कार्मेन जोन्स'मध्ये ती नायिकेची आजी आहे. त्यात नायिका होती डोरोथी डँड्रिज, आणि त्या भूमिकेसाठी प्रमुख अभिनेत्रीच्या ऑस्करचं नामांकन मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. १९१५ ची ती रोजंदारीवरची बाई आणि ही नामांकन मिळालेली तरुणी एका चित्रपटात आल्या आहेत. मी ते दृश्य दोनदा थांबवून पाहिलं.

पण सगळ्याच जणी गोऱ्यांच्या स्टुडिओच्या दारात उभ्या नव्हत्या. त्याच काळात काळ्या लोकांचा स्वतःचा चित्रपटही सुरू झाला होता, आणि त्यातला मोठा माणूस म्हणजे ऑस्कर मिशो. हा गृहस्थ मूळचा शेतकरी. साउथ डकोटात जमीन कसली, त्यावर कादंबऱ्या लिहिल्या, त्या दारोदार फिरून विकल्या, आणि १९१९ मध्ये स्वतःच्या कादंबरीवर स्वतःच चित्रपट काढला. पैसा इतका कमी की एकदा घेतलेलं दृश्य चुकलं तरी पुन्हा घ्यायला फिल्म नसायची. पण चाळीसच्या आसपास चित्रपट त्याने काढले.

त्याची नायिका होती एव्हलिन प्रीअर. मिसिसिपीतल्या विक्सबर्गची, पुढे शिकागोत वाढलेली. आईबरोबर रस्त्यावर उभी राहून ती धर्मप्रवचनं करायची आणि तिथेच मिशोने तिला हेरलं असं सांगतात. मला ही गोष्ट खरी वाटते, कारण मूकपटातसुद्धा तिच्याकडे पाहताना ती बोलते आहे असं वाटत राहतं. नुसतं मान वळवून बघण्यात तिचा अर्धा संवाद असतो. हार्लेममध्ये अनिता बुश या अभिनेत्रीने कृष्णवर्णीय कलावंतांची एक नाटक कंपनी उभी केली होती. तीच पुढे लाफाएट प्लेअर्स म्हणून नावाजली. एव्हलिन त्या कंपनीत दाखल झाली. तिथे काळ्या नटांनी मोलकरणी आणि विदूषक सोडून सगळं केलं, अगदी ब्रॉडवेवर गाजलेली गंभीर नाटकंसुद्धा.

एव्हलिनचा 'विदिन अवर गेट्स' हा १९२० चा चित्रपट मी तुम्हाला थोडा सविस्तर सांगणार आहे, कारण तो एका शाळेविषयी आहे. तिने त्यात सिल्व्हिया लँड्री नावाच्या शिक्षिकेचं काम केलं आहे. दक्षिणेत काळ्या मुलांसाठी एक शाळा आहे. मुलं इतकी येतात की जागा पुरत नाही, सरकारकडून मिळणारी रक्कम तुटपुंजी आहे, आणि पाच हजार डॉलर जमले नाहीत तर शाळा बंद पडणार आहे. सिल्व्हिया पैसे जमवायला उत्तरेला, बॉस्टनला जाते. आपल्या शाळेच्या नव्या इमारतीसाठी पावतीपुस्तकं घेऊन जी मंडळी गेली दोन वर्षं फिरली, त्यांना सिल्व्हियाचा तो चेहरा ओळखीचा वाटेल. घरी बोलावून चहा पाजतात, शाळेचं तोंडभरून कौतुक करतात आणि पैशांचं नाव काढलं की घड्याळाकडे बघतात, त्या माणसांसमोरचा चेहरा.

चित्रपटात एक श्रीमंत गोरी बाई मदत करायचं मनात आणते, तेवढ्यात तिची दक्षिणेकडची मैत्रीण तिला सांगते, की ह्या लोकांना शिकवून काय उपयोग, त्यांना जास्त शिकायचं नसतंच. हे वाक्य, वेगळ्या माणसांविषयी, वेगळ्या भाषेत, आपणही ऐकलेलं आहे. शेवटी पैसे मिळतात, मागितल्यापेक्षा दसपट मिळतात. पण चित्रपट तिथे संपत नाही. सिल्व्हियाच्या मागच्या आयुष्यात जे घडलं ते मिशो दाखवतो. तिला ज्यांनी वाढवलं त्या कुळाचा हिशेब जमीनमालकाने बुडवलेला असतो. मालकाचा खून दुसराच कुणीतरी करतो, आळ कुळावर येतो आणि जमाव येऊन त्या नवरा-बायकोला फासावर चढवतो. ग्रिफिथने जमावाला तारणहार केलं होतं. पाच वर्षांनी एका काळ्या माणसाने तोच जमाव दुसऱ्या बाजूने दाखवला. त्याआधीच्या उन्हाळ्यात शिकागोत वांशिक दंगल होऊन गेली होती, त्यामुळे सेन्सॉर बिथरलं होतं, ठिकठिकाणी काटछाट झाली.

मग हा चित्रपट नाहीसा झाला. किती वर्षं? पन्नासहून जास्त! शेवटी त्याची एक प्रत सापडली ती स्पेनमध्ये, स्पॅनिश पाट्यांची, 'ला नेग्रा' म्हणजे 'काळी स्त्री' या नावाखाली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिच्यावरून १९९३ मध्ये तो पुन्हा उभा केला. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा चित्रपट तो हाच. एव्हलिनचे बाकीचे बहुतेक मूकपट गेले ते गेलेच. ती स्वतः १९३२ मध्ये न्यूमोनियाने गेली, वय छत्तीस. मुलगी काही महिन्यांची होती. ही मुलगी मोठेपणी ख्रिस्ती संन्यासिनी झाली, प्राध्यापक झाली आणि पीएच.डी.साठी तिने विषय घेतला लाफाएट प्लेअर्स. आई आठवत नव्हती, पण वडीलही त्याच कंपनीतले. आईच्या जाहिराती, आईच्या भूमिका, आईबरोबर काम केलेली म्हातारी माणसं, अशी ती आई तिने शोधून काढली. चरित्रलेखनाचा याहून मोठा खटाटोप मला ठाऊक नाही.

बोलपट आले आणि हॉलिवूडला एकदम वाटायला लागलं की काळ्या लोकांची गाणी विकली जातील. १९२९ मध्ये एमजीएमने 'हॅलेलुया' काढला, सगळे नट कृष्णवर्णीय. किंग व्हिडॉर दिग्दर्शक, आणि स्टुडिओ कचरतोय हे पाहून त्याने स्वतःचा मेहनताना त्यात घातला. त्याची नायिका नीना मे मॅककिनी सोळा-सतरा वर्षांची होती. ब्रॉडवेवरच्या एका खेळात मागच्या ओळीत नाचताना त्याने तिला पाहिलं. पडद्यावर ती अशी काही वावरते की बाकीचे लोक तिच्याभोवतीचं सामान वाटतात. एमजीएमने पाच वर्षांचा करार केला. आणि मग? मग काही नाही. तिला द्यायला भूमिकाच नव्हत्या. मोलकरीण म्हणावं तर ती फार देखणी, नायिका करावं तर समोर नायक कोण? गोऱ्या-काळ्यांचं प्रेम पडद्यावर दाखवायला तेव्हाच्या नियमावलीत चक्क मनाई होती. ती युरोपात गेली, तिथे तिला काळी गार्बो म्हणाले, पॉल रोब्सनबरोबर तिने इंग्लंडमध्ये काम केलं. १९६७ मध्ये ती न्यूयॉर्कला गेली तेव्हा फारशी कुणाला आठवण राहिली नव्हती.

याच नियमावलीने फ्रेडी वॉशिंग्टनचं काय केलं ते ऐका. फ्रेडी जॉर्जियातली, रंगाने गोरी, डोळे हिरवट. दोन्हीकडून कृष्णवर्णीय कुटुंबातली, पण बघणाऱ्याला ती गोरीच वाटायची. १९३३ च्या 'द एम्परर जोन्स'मध्ये रोब्सनबरोबर तिची प्रेमदृश्यं होती. प्रेक्षकांना ती गोरी बाई वाटेल या भीतीने तिच्या चेहऱ्याला गडद रंग लावून दृश्यं पुन्हा घ्यायला लावली! चेहऱ्याला काळं फासायची पद्धत गोऱ्या नटांपासून सुरू झाली होती, ती अशी एका काळ्या नटीपर्यंत येऊन पोचली.

पुढच्या वर्षी 'इमिटेशन ऑफ लाइफ' आला. एक गोरी विधवा आणि तिची काळी मोलकरीण डिलायला. डिलायलाच्या घरच्या धिरड्यांच्या कृतीवर, म्हणजे त्यांच्या पॅनकेकवर, गोरी बाई मोठा कारखाना उभा करते. खोक्यावर चित्र डिलायलाचं, कारखाना गोऱ्या बाईचा. बाई वीस टक्के हिस्सा देऊ करते तर डिलायला घाबरते, म्हणते मला वेगळं घर नको, तुमच्याच स्वयंपाकघरात राहू दे. हे बघताना मला दर वेळी राग येतो. पण चित्रपट तरतो तो डिलायलाच्या मुलीमुळे. पिओला रंगाने गोरी आहे आणि तिला गोरी म्हणूनच जगायचं आहे. शाळेत आई छत्री घेऊन येते आणि वर्गाला कळतं ही मुलगी काळी आहे, तो प्रसंग... पुढे मोठी झालेली पिओला आईला रस्त्यात ओळख नको दाखवूस म्हणते. मोठी पिओला म्हणजे फ्रेडी.

तिने ते काम इतकं जीव ओतून केलं की लोकांना वाटलं ही बाई खरंच तशी असणार. आयुष्यभर तिला सांगावं लागलं की मी कधीही गोरी म्हणून जगले नाही. हॉलिवूडमध्ये तिला गोरी म्हणून पुढे आणायच्या सूचना आल्या होत्या, त्या तिने धुडकावल्या. तिचा नवरा ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात होता. दक्षिणेत दौऱ्यावर असताना गोऱ्यांच्या दुकानात बाकीच्यांना प्रवेश नसायचा, तेव्हा ही आत जाऊन सगळ्यांसाठी आइस्क्रीम घेऊन यायची असं सांगतात. दुकानदार हसून द्यायचा, आणि ती बाहेर येऊन वादकांच्या घोळक्यात उभी राहिली की शिव्या सुरू. पुढे तिने कृष्णवर्णीय कलावंतांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला, एका वर्तमानपत्राचं नाटकांचं पान सांभाळलं आणि १९९४ पर्यंत जगली. १९५९ मध्ये 'इमिटेशन ऑफ लाइफ' पुन्हा काढला तेव्हा तिच्या जागी मुलीच्या भूमिकेत घेतली एक गोरी नटी. पंचवीस वर्षांत एवढी प्रगती.

आणि डिलायला केली होती लुईझ बीव्हर्सने. ही बाई कॅलिफोर्नियात वाढलेली. दक्षिणेकडची बोली तिला येत नव्हती, ती तिने शिकून घेतली. मोलकरीण जाडजूड हवी म्हणून तिला मुद्दाम वजन वाढवावं लागायचं, कधी कपड्यांखाली गाद्या बांधाव्या लागायच्या. आणि जिच्या धिरड्यांवर कारखाना निघतो, त्या बाईला स्वतःला स्वयंपाकाचा कंटाळा! तिच्या अभिनयाची वाहवा झाली, ऑस्करला मात्र तिचं नावही गेलं नाही आणि त्याबद्दल तेव्हाच वर्तमानपत्रांतून लिहूनही आलं.

आता मी ती अट मोडते. पाचवी ते आठवी, आपल्या चार स्नेहसंमेलनांत मी चार वेळा दासी झाले. एकदा चवरी ढाळली, दोनदा तबक धरलं, आणि आठवीत बढती मिळून एक वाक्य बोलले. राजकन्या कोण असायची हे सगळ्यांना माहीत आहे, ती समोर बसली आहे आणि माझी जिवलग मैत्रीण आहे, त्यामुळे तिने खुशाल हसावं. मी दासी का, हे मला कुणी कधी सांगितलं नाही. सांगावं लागत नाही, घरी आरसा होता. मुलांमध्ये चोर आणि राक्षस कोण व्हायचे तेही आठवून बघा, आणि त्यांची आडनावंही आठवा. बाईंना मी दोष देत नाही. त्यांनी तबक कसं धरायचं ते मन लावून शिकवलं, मान किती लववायची, पावलं कशी टाकायची. मला ते उत्तम जमायचं आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. आईने तिची एकुलती एक जरीची साडी दासीसाठी दिली होती. तो अभिमान खोटा होता असं मला आज साठी उलटल्यावरही म्हणवत नाही. आणि ते वाटप बरोबर होतं असंही म्हणवत नाही. हॅटी मॅकडॅनिएलकडे मी ह्या दोन्ही गोष्टी बरोबर घेऊन जाते.

हॅटी म्हणजे 'गॉन विथ द विंड'मधली मॅमी. स्कार्लेटच्या कंबरेचे बंद आवळणारी, तिला दटावणारी, घरात सगळ्यांच्या मनातलं ओळखणारी. आईवडील गुलामगिरीत जन्मलेले, वडील यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेले. हॅटी गायची, स्वतः गाणी लिहायची, रेडिओवर आली, तबकड्या निघाल्या. १९२९ च्या मंदीत सगळं बसलं तेव्हा मिलवॉकीतल्या एका क्लबात ती प्रसाधनगृहाची राखण करत होती. एका रात्री तिथे गायला मिळालं आणि मग तिथेच वर्ष-दोन वर्षं गायली. १९३१ मध्ये लॉस एंजेलिसला आली. पडद्यावर काम नसे तेव्हा खरीच धुणीभांडी करायची. तिने सत्तरच्या वर मोलकरणी केल्या असं म्हणतात.

१५ डिसेंबर १९३९ ला अटलांटात चित्रपटाचा पहिला खेळ झाला. जॉर्जियाच्या कायद्याप्रमाणे हॅटीला गोऱ्यांबरोबर बसता आलं नसतं, म्हणून तिला बोलावलंच नाही. दक्षिणेत वाटायच्या स्मरणिकेवरून तिचं छायाचित्रही काढून टाकलं. त्या सोहळ्यातल्या एका मेजवानीत गुलामांच्या वेषातली काळी मुलं गाणी म्हणत होती. चर्चच्या त्या गायकवृंदात दहा वर्षांचा एक मुलगा होता, मार्टिन ल्यूथर किंग.

आणि २९ फेब्रुवारी १९४० च्या रात्री लॉस एंजेलिसच्या अँबॅसेडर हॉटेलात तिला सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळालेली पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. हॉटेलात काळ्यांना प्रवेश नव्हता, निर्मात्याने शब्द टाकला म्हणून तिला आत घेतलं आणि बसवलं भिंतीकडच्या एका लहान वेगळ्या टेबलाशी. बाकीची मंडळी मधल्या टेबलावर. ती केसांत पांढरी फुलं माळून आली होती. तिथून उठून ती पुढे आली, माझ्या वंशाला आणि या व्यवसायाला मी भूषण ठरावं अशा अर्थाचं छोटंसं भाषण केलं, आवाज भरून आला आणि ती परत आपल्या टेबलाकडे गेली. या भाषणाची फिल्म आजही बघता येते. परत जातानाची मात्र नाही, पण मला दिसते तीच.

यानंतर तिला सगळ्यांत जास्त लागलं ते आपल्याच लोकांचं बोलणं. एनएएसीपीचे वॉल्टर व्हाइट १९४२ मध्ये हॉलिवूडला येऊन स्टुडिओवाल्यांना भेटले, मॅमीछाप भूमिका बंद करा म्हणाले. मागणी रास्त होती. पण हे व्हाइट नावाचेच नाहीत, दिसायलाही गोरे, निळ्या डोळ्यांचे. आणि ज्यांचं पोट त्या भूमिकांवर, त्यांना त्यांनी विचारलंही नाही. हॅटीचं म्हणणं असं की मोलकरणीचं काम करून आठवड्याला सातशे डॉलर मिळवते, नाहीतर मोलकरीण होऊन सात मिळवले असते. हे वाक्य सगळेच तिच्या नावावर सांगतात. त्यात माज आहे असं काहींना वाटतं, मला त्यात प्रसाधनगृहाचा वास येतो.

माझं मत विचाराल तर व्हाइट मागणीत बरोबर होते आणि वागण्यात चुकले. आणि हॅटीचं उत्तर मला तिच्या त्या वाक्यात सापडत नाही, तिच्या घरात सापडतं. १९४२ मध्ये तिने लॉस एंजेलिसच्या शुगर हिल भागात मोठं घर घेतलं. तिथल्या खरेदीखतांत अट होती, घर काळ्यांना विकायचं नाही. शेजाऱ्यांनी दावा लावला. लुईझ बीव्हर्सही तिथेच राहायची, गायिका-अभिनेत्री एथेल वॉटर्सही. म्हणजे पडद्यावर गोऱ्यांची घरं झाडणाऱ्या बायका प्रत्यक्षात स्वतःची घरं वाचवायला एकत्र आल्या. हॅटीने घरी सभा घेतल्या, शेजाऱ्यांना जमवलं, लोरेन मिलर या कृष्णवर्णीय वकिलाने बाजू मांडली. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीश स्वतः जाऊन ती वस्ती बघून आले आणि राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन त्यांनी दावा फेटाळला. अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९४८ मध्ये. हॅटी आणि मंडळी त्याच्या तीन वर्षं पुढे होत्या. पुढे त्याच वस्तीच्या मधून सरकारने महामार्ग काढला, ती गोष्ट वेगळी.

ती १९५२ मध्ये कर्करोगाने गेली. हॉलिवूडच्या दफनभूमीत पुरावं अशी तिची इच्छा होती. तिथे काळ्यांना जागा नव्हती, म्हणून दुसरीकडे पुरलं. १९९९ मध्ये नव्या मालकाने तिथे तिचं स्मारक उभारलं. ऑस्करचा फलक (सहाय्यक कलावंतांना तेव्हा बाहुली नाही, फलक मिळायचा) तिने हॉवर्ड विद्यापीठाला देऊन ठेवला होता. तो हरवला. २०२३ मध्ये अकादमीने विद्यापीठाला नवा दिला. आणि दुसऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ऑस्कर मिळायला एक्कावन्न वर्षं लागली, व्हूपी गोल्डबर्ग, १९९१.

घंटेकडे हात गेलेला दिसतोय, म्हणून एकच बाई सांगते. 'गॉन विथ द विंड'मध्ये प्रिसी नावाची एक बावळट पोरगी आहे, चिरक्या आवाजाची. बटरफ्लाय मॅकक्वीन तिचं नाव. चित्रीकरणात तिला कलिंगड खाऊन बिया थुंकायला सांगितलं, कारण काळ्यांची तशी टिंगल व्हायची. ती नाही म्हणाली. थप्पड खरी मारू देणार नाही म्हणाली. सदतीस-अडतीस वर्षांची व्हायच्या आत तिने मोलकरणीच्या भूमिका घेणंच बंद केलं. मग जी मिळतील ती कामं केली. आणि १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून राज्यशास्त्राची पदवी घेतली, चौसष्टाव्या वर्षी. आपल्या वर्गात अजून दोघातिघांची पदवी राहिली आहे, त्यांची नावं मी घेत नाही.

संध्याकाळी चहा झाल्यावर सातवी 'ब'च्या खोलीत प्रोजेक्टर लावायची परवानगी सरांनी दिली आहे. 'विदिन अवर गेट्स' दाखवणार आहे, सव्वा तासापेक्षा थोडा जास्त आहे. मूकपट आहे, मधल्या पाट्या इंग्रजीत आहेत, त्या मी मराठीत मोठ्याने वाचीन. ज्यांना मागच्या बाकावर बसायची सवय आहे त्यांनी आज पुढे बसावं, कारण ती प्रत जुनी आहे आणि एव्हलिनचे डोळे लांबून नीट दिसत नाहीत.